सांगलीत शिकायला जाताना : वसतिगृह की बाहेरची खोली?

विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून चालू असल्यामुळे सांगलीच्या विश्रामबाग भागाला विद्यार्थी ठेवून घेण्याची जुनी सवय आहे. बंगल्याच्या मागच्या बाजूला कॉट बेसिसवर दिलेल्या दोन खोल्या आणि त्याच गल्लीत एखादी घरगुती मेस हे तेथे गृहीतच धरले जाते. मी पहिले वर्ष वसतिगृहात आणि पुढची तीन वर्षे अशाच एका खोलीत काढली.

वसतिगृहाची बाजू कमकुवत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री समोरच्या खोलीतल्या सीनियरला उठवून गणित विचारता येते, जर्नल पुरे करायला चार हात मिळतात. बाहेर मात्र पाणी ठरावीक वेळीच भरावे लागते आणि घरमालकीणबाईंना रात्रीचे हसणे खपत नाही.

माझा निर्णय ठरवला तो मेसच्या खाड्याने, म्हणजे न जेवलेल्या वेळांचे पैसे बिलातून वजा करण्याच्या पद्धतीने. सांगलीत शिकणारे बरेचसे विद्यार्थी तासा-दोन तासांच्या अंतरावरून आलेले असतात आणि शनिवारी दुपारनंतर निम्मे वसतिगृह एसटी स्टँडवर दिसते. मीही विट्याला जात असे आणि सोमवारी पहिल्या गाडीने परतत असे. आमच्या वसतिगृहात खाडा सलग तीन पूर्ण दिवसांचाच धरत आणि त्यासाठी आदल्या दिवशी लेखी अर्ज लागे. त्यामुळे शनिवारची रात्र, सगळा रविवार आणि सोमवारचा नाश्ता एवढे खाणे बुडाले तरी बिलातून एक रुपया कमी होत नसे. त्यातच फीस्ट, म्हणजे गोडाधोडाचे खास जेवण, रविवारी दुपारी असे, म्हणजे गुलाबजाम मित्रांनी खायचे आणि पैसे मी भरायचे. रक्कम फार नव्हती, पण दर महिन्याला बिल हातात आले की डोके फिरे.

बाहेरच्या मेसच्या काकूंकडे एक लांबट वही होती. सकाळी जाता जाता ‘काकू, रात्री नाही’ एवढे सांगितले की नावापुढे फुली पडे आणि महिनाअखेरीस फुल्या मोजून पैसे वजा होत. रविवारी रात्री मेस बंद असे ही अडचण खरी, मात्र मी तेव्हा घरीच असल्याने ती मला भडंगावर भागवणाऱ्या मित्रांकडून ऐकूनच माहीत आहे.

खोली घ्यायचीच असेल तर कॉलेजच्या बाजूलाच पाहावी. नदीकाठच्या गावभागातली जुनी घरे मोहात पाडतात, पण कृष्णेची आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले होते.

घरी फारसे जाणे होणार नसेल किंवा मुलगा प्रथमच घराबाहेर राहणार असेल, तर पहिले वर्ष वसतिगृहात काढणे कदाचित योग्य ठरेल. दर शनिवारी बॅग भरणाऱ्याने मात्र खोलीचे भाडे विचारण्याआधी त्या गल्लीतल्या मेसमध्ये जाऊन एका वेळचा खाडा धरतात का, हे विचारून घ्यावे.