हिरव्या खुणेचा हिशेब: एलसॅटच्या गट-अभ्यासाचे आठ महिने

एलसॅटची, म्हणजे अमेरिकेतल्या कायद्याच्या महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी चौघांनी मिळून करायची असे आम्ही नोव्हेंबरमध्ये ठरवले, आणि सराव एकत्र करता यावा म्हणून डिसेंबरमध्ये एका ॲपच्या गट-योजनेची वर्षभराची वर्गणी भरली. जूनची परीक्षा आटोपल्यावर हा अनुभव लिहीत आहे. ३५ मिनिटांचे चार विभाग, त्यांपैकी गुणांत न धरला जाणारा एक, १२० ते १८० ही गुणांची पट्टी, हे सारे वाचकांना ठाऊक आहे असे धरून चालते. ॲपमध्ये पुष्कळ सोयी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ठीक चालतात. मला मात्र एका हिरव्या खुणेबद्दलच लिहायचे आहे.

आमची पद्धत ठरलेली होती. रविवारी चौघांनी एकाच वेळी घड्याळ लावून प्रश्नपत्रिका सोडवायची, मग उत्तरे न पाहता शंकेचे प्रश्न सावकाश पुन्हा सोडवून ब्लाइंड रिव्ह्यूची उत्तरे वेगळी नोंदवायची, त्यानंतर चर्चा करायची आणि प्रत्येकाने आपले अंतिम मत कारणासह नोंदवल्यावरच बरोबर उत्तर उघडायचे. मार्चमधल्या एका रविवारी चौथ्या विभागाची वेळ संपली आणि ॲपने चौघांच्याही पडद्यावर प्रत्येक प्रश्नाच्या बरोबर पर्यायासमोर हिरवी खूण उमटवली. आदल्या आठवड्यातल्या अपडेटमध्ये 'निकाल लगेच दाखवा' ही सोय गटाच्या सत्रांसाठी आपोआप चालू झाली होती, आणि ती बंद करण्याचा पर्याय ज्याच्या नावावर वर्गणी आहे त्याच्याच खात्यात, म्हणजे माझ्या खात्यात, तीन पडदे आत दडलेला होता. पान मिटायला मला चार सेकंद लागले असतील, पण तेवढ्यात पहिल्या दहा प्रश्नांची उत्तरे डोळ्यांत शिरली होती, आणि एकदा पाहिलेले उत्तर न पाहिल्यासारखे करून कोणालाही प्रामाणिकपणे विचार करता येत नाही.

एवढ्याशा गोष्टीवर इतका संताप कशासाठी, असे कोणाला वाटल्यास त्याचे कारण कोऱ्या प्रश्नपत्रिकांच्या तुटवड्यात आहे. प्रसिद्ध झालेल्या पीटी, म्हणजे सराव-प्रश्नपत्रिका, मोजक्याच असतात, आणि एक पीटी कोरी अशी एकदाच सोडवता येते. त्यात माझ्या काटकसरीची भर पडली होती. गट जमण्यापूर्वीच मी जुन्या छापील पीटींचा एक संच स्वस्तात मिळतो म्हणून घेतला होता. त्यातल्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत लॉजिक गेम्सचा एक विभाग, म्हणजे सुमारे २३ प्रश्न, आता केवळ रद्दीच्या मोलाचे आहेत, कारण ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग परीक्षेतून गेला. दृष्टिहीन परीक्षार्थींना आकृत्या काढून सोडवायच्या त्या प्रश्नांत अन्यायकारक अडचण येते, या तक्रारीवरील २०१९ च्या तडजोडीतून तो बदल झाला, आणि तो योग्यच होता. मी संच घेण्यापूर्वी त्याचा विचार केला नाही हा दोष सर्वस्वी माझा. त्याहून महागात पडलेली चूक वेगळी होती. लॉहबवरच्या, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या सरावाच्या संकेतस्थळावरच्या, नव्या स्वरूपातल्या पीटी १०१ पासून पुढे क्रमांकित असल्या तरी त्यांतला मजकूर जुन्या प्रसिद्ध प्रश्नपत्रिकांमधलाच आहे. त्यामुळे छापील संचातले जे उतारे मी हिवाळ्यात हौसेने सोडवून टाकले होते, तेच रविवारच्या 'कोऱ्या' प्रश्नपत्रिकेत नव्या क्रमांकाखाली पुन्हा भेटू लागले. वाचवलेले पैसे असे वसूल झाले.

अशा परिस्थितीत एक पूर्ण प्रश्नपत्रिका वाया जाणे मला सहन झाले नाही. ग्राहक-सेवेकडे तक्रार केली तेव्हा पहिले उत्तर आले की ही अडचण नसून सुधारणा आहे. दुसऱ्या पत्रात मी ब्लाइंड रिव्ह्यू म्हणजे काय आणि त्यांच्याच जाहिरातीत गट-योजनेचा तोच मुख्य उपयोग कसा सांगितलेला आहे हे लिहिले. त्यावर सोय बंद करण्याच्या पायऱ्या चित्रांसह कळवण्यात आल्या, ज्या मला एव्हाना पाठ होत्या. उरलेल्या नऊ महिन्यांची वर्गणी परत मागितली असता त्यांनी वर्गणी संपल्यानंतरचा एक महिना मोफत देऊ केला. म्हणजे परीक्षा होऊन गेल्यावर पाच-सहा महिन्यांनी आम्हाला आणखी एक महिना सराव करता येणार होता. दरमहा पैसे भरण्यापेक्षा वर्षाचे एकदम भरणे स्वस्त पडते हा हिशेब गटाला मीच मांडून दाखवला होता, त्यामुळे त्या पत्राची प्रत बाकीच्या तिघांना पाठवताना मला विशेष आनंद झाला नाही.

इथपर्यंतचा मजकूर मी मार्चअखेरीसच लिहून ठेवला होता, आणि त्याचा शेवट ॲपला पाचपैकी एक तारा देऊन झाला होता. पुढे मत बदलले. ॲपबद्दलचे थोडे आणि माझ्याबद्दलचे बरेच.

एप्रिलमध्ये आम्ही ॲपमधली गट-सत्रे सोडून दिली. प्रश्न लॉहबवर ज्याने त्याने आपापल्या खात्यात सोडवायचे आणि चर्चेसाठी एक साधा सामायिक तक्ता वापरायचा असे ठरले. तक्त्यात प्रत्येकाचे वेळेतले उत्तर, रिव्ह्यूतले उत्तर आणि एका वाक्यातले कारण असे रकाने होते, आणि चौघांचीही कारणे भरल्याशिवाय उत्तर उघडायचे नाही हा नियम होता. मग लक्षात आले की तक्ता भरून होण्यापूर्वीच एक व्यक्ती बोलून टाकते की हे तर उघड 'डी' आहे. ती व्यक्ती मी होते. आमच्यात मी सर्वांत वेगाने वाचणारी होते आणि एलआरमध्ये, म्हणजे युक्तिवाद तपासण्याच्या विभागात, माझे उत्तर बहुधा बरोबर येई, म्हणून मी 'डी' म्हटले की बाकीच्यांची विचारप्रक्रिया तिथेच थांबत असे, आणि पुढची दहा मिनिटे 'डी' का बरोबर याची कारणे शोधण्यात जात. 'बी' का चूक, हा खरा प्रश्न कोणी विचारतच नसे. ॲपने एका रविवारी केले ते मी नोव्हेंबरपासून दर रविवारी करत होते, आणि तेही वर्गणी न घेता.

हे मला दाखवून दिले ते आमच्यातल्या सर्वांत सावकाश वाचणाऱ्या मैत्रिणीने. ती ही परीक्षा दुसऱ्यांदा देत होती आणि प्रत्येक पर्याय नाकारण्याचे कारण शब्दांत मांडल्याशिवाय पुढे सरकत नसे, ज्याचा मला पहिले चार महिने मनापासून कंटाळा येत असे. वाद एका असम्प्शनच्या, म्हणजे गृहीतकाच्या, प्रश्नावरून झाला. मूळ प्रश्न इथे देत नाही. त्याच धाटणीचा एक रचून देते. पुलावर टोल बसवल्यापासून पुलावरची वाहने कमी झाली, म्हणून शहरातली एकूण वाहतूक कमी झाली असली पाहिजे, असा युक्तिवाद आहे, आणि त्याला आवश्यक असलेले गृहीतक कोणते असे विचारले आहे. एक पर्याय म्हणतो की पुलावरची वाहतूक जेव्हा जेव्हा घटते तेव्हा तेव्हा शहरातली एकूण वाहतूकही घटते. दुसरा म्हणतो की पूल टाळणारी सगळीच वाहने शहरातल्या इतर रस्त्यांकडे वळलेली नाहीत. मी पहिला पर्याय घोषित करून मोकळी झाले, कारण त्याने निष्कर्ष पक्का सिद्ध होतो.

ती म्हणाली, "सिद्ध होतो, पण त्याच्याशिवाय युक्तिवाद पडतो का?" मग तिने दोन्ही पर्याय नकारार्थी करून दाखवले. पहिल्याचा नकार एवढाच की एखाद्या वेळी पुलावरची वाहतूक घटूनही शहरातली घटली नसेल. ती वेळ हीच असे कोठेही म्हटलेले नाही, त्यामुळे युक्तिवाद उभा राहू शकतो. दुसऱ्याचा नकार असा की पूल टाळणारी सगळी वाहने इतर रस्त्यांनी शहरातच फिरत आहेत. मग केवळ पूल ओस पडला म्हणून शहरातली वाहतूक घटली असे म्हणायला आधारच उरत नाही. पहिला पर्याय पुरेसा होता आणि विचारलेले होते ते आवश्यक. नेसेसरी आणि सफिशियंट यांतला फरक मला व्याख्येने माहीत होता, पण घाईत मी दर वेळी अधिक जोरकस शब्दांचा पर्याय उचलत होते. मागचे सगळे तक्ते चाळले तेव्हा माझ्या एलआरमधल्या चुकांचा सर्वांत मोठा गठ्ठा याच एका जातीचा निघाला. चार महिने चर्चेत भाग घेऊनही तो मला दिसला नव्हता, कारण चर्चा मी बोलल्याबरोबर संपत असे.

त्यानंतर आम्ही किल्ली, म्हणजे बरोबर उत्तरांची यादी, सांभाळण्याचे काम आळीपाळीने एकाकडे दिले आणि बोलण्याचा क्रम उलटा केला: ज्याला उत्तराची सर्वांत कमी खात्री आहे त्याने आधी बोलायचे, आणि खात्री असणाऱ्याने शेवटी. पहिल्या दोन रविवारी मला हे फार जड गेले. सत्रे लांबली, कधी कधी तीन तासांत २५ प्रश्नांचा एकच विभाग पुरा झाला, तरीही नेसेसरी असम्प्शनवर माझा हात मे महिन्यात प्रथमच स्थिर झाला.

आरसीसाठी, म्हणजे उतारे वाचून उत्तरे देण्याच्या विभागासाठी, गटाचा उपयोग मला फारसा झाला नाही. उतारा ज्याचा त्याने वाचायचा असतो, आणि २७ प्रश्नांसाठी ३५ मिनिटे पुरवण्याची सवय चर्चेने लागत नाही. अपवाद दोन लेखकांच्या जोड-उताऱ्याचा. तिथे दोघांनी एकेका लेखकाची बाजू घेऊन वाद घातला की मतभेद नेमका कशावर आहे हे लवकर कळते. लेखनाचा भाग आम्ही एका संध्याकाळी उरकला: १५ मिनिटे मांडणी, ३५ मिनिटे निबंध, आणि एकमेकांचे वाचून दिलेले शेरे.

ॲपला आता मी दोन तारे देते. घड्याळ चांगले आहे, चुकांची वर्गवारी उपयोगी आहे, आणि एकट्याने अभ्यास करणाऱ्याला हिरव्या खुणेचा त्रास होण्याचे कारण नाही. गटाने मात्र दरमहाच्या वर्गणीवरच घ्यावे आणि प्रत्येक अपडेटनंतर गट-सत्राची मांडणी तपासावी. वर्षाचे पैसे भरण्यापूर्वी आपण त्यांतले किती महिने खरोखर वापरणार आहोत हे मोजावे. मी दर मोजला, महिने मोजले नाहीत. नाहीतरी आमच्या कामाचा निम्मा भाग फुकटच्या तक्त्यावर झाला.

मला हवे होते तेवढे गुण मिळाले. गटातले दोघे ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसणार आहेत आणि रविवारची सत्रे चालू आहेत. किल्ली सांभाळायला त्यांनी मला बोलावले आहे, मात्र सत्र संपेपर्यंत माझा माइक बंद राहील या अटीवर. ग्राहक-सेवेने माझी तक्रार गेल्या आठवड्यात 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद केली. तो शेरा हिरव्या रंगात आहे.