जुन्या वॅगन आरचा क्लच आणि उद्यमनगरातील एक गॅरेज

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येताना साखरपा सोडून आंबा घाट चढू लागलो, तेव्हा आमच्या २००९ सालच्या वॅगन आरने हात टेकले. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढे, पण गाडीला त्या मानाने उचल मिळत नसे, आणि दोन-तीन वळणांनंतर तर काचा बंद असूनही जळका वास आत येऊ लागला. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोचवणारा क्लच घसरत होता. ९२ हजार किलोमीटर होईपर्यंत मूळ क्लच टिकला होता, तेव्हा त्याच्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नव्हता.

पहिल्यांदा गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तेथील सल्लागाराने बॉनेटही न उघडता फ्लायव्हीलसह (इंजिनाला जोडलेली, क्लच जिच्यावर दाबला जातो ती जड चकती) सर्व काही बदलावे लागेल, असे सांगून १४,८०० रुपयांचा अंदाज हातात ठेवला. फ्लायव्हील खराब झाले आहे हे गिअरबॉक्स न उतरवता कसे कळले, या प्रश्नाला ‘आमची पद्धत तशीच आहे’ एवढेच उत्तर मिळाले. म्हणून ओळखीच्या एका रिक्षामालकाच्या सांगण्यावरून कोल्हापूरच्याच शिवाजी उद्यमनगरातील एका लहान गॅरेजमध्ये गेलो.

येथील मिस्त्रींनी आधी गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय हळूहळू काढला. क्लच ठीक असेल तर इंजिन लगेच बंद पडायला हवे. आमचे इंजिन थोडेसे दबले आणि तसेच फिरत राहिले. त्यानंतर पेडल हाताने दाबून त्यांनी पेडल क्लचला जोडणाऱ्या केबलचा ताणही पाहिला, कारण केबल जास्त ताणलेली असेल तर नवी क्लच प्लेटसुद्धा घसरते आणि मालक विनाकारण खर्चात पडतो. ही दोन मिनिटांची तपासणी मोठ्या वर्कशॉपमध्ये कोणालाही सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स खाली उतरल्यावर मला मुद्दाम बोलावून घेतले, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काढलेली क्लच प्लेट त्यांनी माझ्या हातात दिली. तिच्या एका बाजूचे अस्तर इतके झिजले होते की नखाने चाचपले तरी रिव्हेटची डोकी जवळजवळ समपातळीत लागत होती. तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटवर उष्णतेने निळसर पट्टे उमटले होते. क्लचभोवतीच्या घंटेच्या आकाराच्या आवरणात मात्र तेलाचा ओलसर थर दिसत होता, आणि खरी मेख तेथेच होती. “नुसती प्लेट टाकून चालायचं नाही, साहेब. इंजिनाचं मागचं सील पाझरतंय, सहा महिन्यांत परत गिअरबॉक्स उतरायला लागंल,” असे ते म्हणाले. हे सील अडीचशे-तीनशे रुपयांचे, पण ते नंतर बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागते; त्यामुळे ते याच वेळी बदलण्याचा त्यांचा आग्रह मला पटला. फ्लायव्हीलवर तडा नव्हता, हलके डाग होते. ते पॉलिश पेपरने साफ करून तसेच ठेवले.

नवी प्लेट बसवताना जुन्या गिअरबॉक्समधून जपून ठेवलेला एक शाफ्ट मधोमध घालून त्यांनी ती केंद्रात आणली आणि मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळले. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी पुसटसे लावले, कारण जास्त ग्रीस फिरताना उडून अस्तरावर बसते. असे काम उभे राहून पाहायला मिळणे हा माझ्यासारख्या कारकुनी पेशाच्या माणसाला वेगळाच आनंद होता, हे कबूल केले पाहिजे.

खर्च असा झाला: प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा संच ३,४०० रुपये, मागचे सील २६०, चाकांकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टची दोन सील २४०, नवी केबल ४२०, गिअर ऑइल ९०० आणि मजुरी २,२००, एकूण ७,४२० रुपये. सुटे भाग दुकानातून मी स्वतः आणले आणि त्यांचे पक्के बिल माझ्याकडे आहे. मजुरीचे बिल मात्र वहीच्या पानावर लिहून मिळाले, आणि कामाची हमी तोंडीच. ज्यांना कागद हवा त्यांनी हे आधीच बोलून घ्यावे. एका दिवसाचे काम अडीच दिवस चालले, कारण मध्येच एक मालवाहू टेम्पो आला आणि त्याचा धंदा अडला म्हणून आमची गाडी जॅकवर तशीच राहिली. याची पूर्वसूचना फोनवर दिली असती तर दोन दिवस रिक्षाने फिरण्याची तयारी ठेवता आली असती.

गाडी ताब्यात घेतली तेव्हा पेडल एकदम हलके लागले आणि सवय नसल्याने पहिल्या सिग्नलला दोनदा इंजिन बंद पडले. पहिले पाचशे किलोमीटर चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका, असे त्यांनी बजावले होते. तेवढे अंतर झाल्यावर केबल पुन्हा जुळवायला बोलावले आणि त्या वेळी पैसे घेतले नाहीत. आता बाराशे किलोमीटर झाले आहेत. गेल्या रविवारी चौघांना घेऊन त्याच आंबा घाटातून दुसऱ्या गिअरवर वर आलो आणि जळका वास आला नाही. आवरणाच्या तळाशी तेलाचा थेंब दिसतो का, हे मात्र दर आठवड्याला वाकून पाहतो.