टाचांच्या भेगा: केळं लावावं की खोबरेल?

यावलच्या मामेबहिणीचा प्रश्न: भेगांना केळं लावू की तेल? दोन्हीआधीचं काम एकच. दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग वजरीने हलक्या हाताने घासणं. निम्मा फरक इथेच पडतो.

खर्च म्हणाल, तर रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात काळं पडलेलं केळं फुकटच. तेलही चमचाभर पुरतं. खरा फरक टिकण्यात आहे. तळव्याच्या कातडीत तेलग्रंथी नसतात, म्हणून ती लवकर सुकते. केळ्याचा लेप ओला असेपर्यंत टाच मऊ. धुतला की ओल उडायला मोकळी, त्यात आपल्याकडचा मे महिना! तेल ती ओल अडवून धरतं. पाय टिपल्यावर ओलसर टाचेवरच चोळा, वर सुती मोजे घाला आणि झोपा. खटाटोपही केळ्याचाच जास्त: कुस्करा, थापा, पाय अधांतरी धरून बसा, वर मुंग्या. (लिंबू तर उघड्या भेगेवर नकोच, नुसती आग होते.)

उद्या लग्नाला जायचंय, टाच तेवढ्यापुरती मऊ हवी, तर केळं चालेल. शेतात, अंगणात अनवाणी वावर असेल तर रोज रात्री तेलच. भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर वजरीसुद्धा नको. आधी डॉक्टरांना दाखवा.