साखर की स्वीटनर: कोणतं, किती आणि कोणासाठी?

"स्वीटनर घ्यावं की नको?" याचं एकच उत्तर देता येत नाही, कारण या एका नावाखाली अगदी वेगवेगळी रसायनं विकली जातात. म्हणून आधी पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. तिथे नाव नसेल तर क्रमांक शोधा: 950 असेसल्फेम पोटॅशियम, 951 अस्पार्टेम, 954 सॅकरिन, 955 सुक्रालोज, 960 स्टीव्हिया, 968 एरिथ्रिटॉल.

सगळ्यात जास्त वाद अस्पार्टेमवर. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते 2बी, म्हणजे 'संभाव्य कर्करोगकारक' गटात टाकलं आणि घबराट पसरली. हे गट पुरावा किती भक्कम आहे एवढंच सांगतात. धोका किती मोठा, हे त्यावरून कळत नाही, आणि इथे पुरावा 'मर्यादित' ठरला होता. त्याच वेळी अन्नातील मिश्रकांच्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला 40 मिलिग्रॅम अशीच कायम ठेवली.

आता हिशेब करून बघा. वजन 60 किलो असेल तर मर्यादा 2400 मिलिग्रॅम. डाएट पेयाच्या एका कॅनमध्ये 200 ते 300 मिलिग्रॅम अस्पार्टेम धरलं, तर ती गाठायला रोज 8 ते 12 कॅन लागतील. पण 15 किलोच्या मुलाची मर्यादा फक्त 600 मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन कॅन! मोठ्यांचा निर्धास्तपणा मुलांना लावू नका. फिनाइलकीटोनुरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी अस्पार्टेम टाळायलाच हवं, कारण त्यातून फिनाइलअ‍ॅलनिन सुटतं आणि ते त्यांच्या शरीरात साचत जातं. शिवाय उकळत ठेवलं की याचा गोडवा उतरतो, तेव्हा चहात घालायचं तर कप भरल्यावर.

सुक्रालोज साखरेच्या सुमारे 600 पट गोड, आणि त्यातलं बरंचसं न शोषता तसंच बाहेर पडतं. अमेरिकेची मर्यादा कडक आहे, किलोमागे 5 मिलिग्रॅम. एका पुडीत साधारण 12 मिलिग्रॅम धरले तरी 60 किलोच्या माणसाला त्या 25 पुड्या होतात. मात्र 'उष्णतेत टिकतं' या जाहिरातीवर भट्टीत भाजण्यासाठी विसंबू नका. 120 अंश सेल्सिअसच्या वर तापवल्यास क्लोरीनयुक्त घातक संयुगं तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने 2019 मध्ये दिला आहे.

सॅकरिन सगळ्यात जुनं, 1879 चं. उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्यावर अमेरिकेत 1977 पासून त्यावर इशारा छापला जायचा. त्या गाठी उंदराच्या लघवीच्या खास रचनेमुळे होतात, माणसात तसं घडत नाही, हे पटल्यावर 2000 मध्ये तो काढला. त्या भीतीला आता आधार उरलेला नाही. जिभेवर राहणारी धातूसारखी चव मात्र खरी.

'नैसर्गिक' स्टीव्हिया घेताना जास्त सावध राहा. अनेक पुड्यांत मुख्य भरणा एरिथ्रिटॉलचा असतो. ते साखरेपेक्षा कमी गोड, त्यामुळे मिलिग्रॅमऐवजी चमच्याने पोटात जातं. 2023 च्या एका अभ्यासात रक्तातलं वाढलेलं एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा संबंध दिसला. कारण-परिणाम अजून सिद्ध नाही, तरी हृदयरोग असलेल्यांनी ते रोज न घेतलेलंच बरं, असं आमचं मत.

वजन उतरवायचं म्हणून घेणार असाल तर फार आशा धरू नका. मे 2023 च्या मार्गदर्शक सूचनेत जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी स्वीटनर वापरू नये असंच सांगितलंय. ही सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी साखरेच्या दोन चमच्यांऐवजी एक गोळी, हा सरळ फायद्याचा बदल आहे. तेही पुडी बघून, कारण काही पुड्यांत भरणा म्हणून डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे रक्तातली साखर वाढवणारी कर्बोदकं असतात. एका पुडीने काही बिघडत नाही, दिवसाला दहा झाल्या की मोजावं लागतं.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असू द्या: रक्तातली साखर अचानक घसरून घाम, थरथर सुरू झाली, की डाएट पेय किंवा स्वीटनर काहीही कामाचं नाही. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं.