माशा-डास मारायला विजेची रॅकेट घेऊ की हाताने फटका मारायची प्लॅस्टिकची जाळी?

मामी विचारत होत्या म्हणून लिहितेय, बॉक्सवर काय छापलंय ते सोडा, आधी माशी कशी निसटते ते बघा.

माशीला आपला हात स्लो मोशनमध्ये दिसतो असं समजा, कारण तिचे डोळे आपल्यापेक्षा कितीतरी जलद बदल टिपतात. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या मायकल डिकिन्सन यांच्या टीमने 2008 मध्ये हायस्पीड कॅमेऱ्याने दाखवलं की फटका कुठून येतोय ते बघून फळमाशी उडण्याच्या साधारण 200 मिलिसेकंद आधीच पाय सरकवून घेते, समोरून आला तर मधले पाय पुढे, आणि मग उलट दिशेला उडी. म्हणून नेम माशीवर नाही, ती उडेल तिथे थोडा पुढे धरायचा.

यात जाळी बरी, भोकांमुळे हवा आरपार जाते आणि फटका वेगात बसतो. स्वस्त, चार्जिंगची भानगड नाही, वर्षानुवर्षं टिकते. पण भिंतीला डाग पडतो, आणि ओट्यावर माशी चिरडणं मला अजिबात पटत नाही.

डास मात्र हलका, ढकललेल्या हवेबरोबरच बाजूला सरकतो आणि आपल्याभोवती घोंघावताना हवेतच असतो, तिथे रॅकेट हळू फिरवली तरी नुसता स्पर्श पुरतो. महाग पडते, बॅटरी उतरते. गॅसचा वास येत असेल किंवा नुकताच स्प्रे मारला असेल तर ठिणगीमुळे बिलकुल वापरू नका.

दिवसा माशांचा त्रास असेल तर जाळी, संध्याकाळी डास असतील तर रॅकेट, घरात लहान मुलं असतील तर रॅकेट उंचावर ठेवा.