केनियातले परदेशी निवडणूक निरीक्षक: २ स्टार, समांतर मोजणीला मात्र ५

नैरोबीत राहून आम्हाला बारा वर्षं झाली, २०१७ आणि २०२२ दोन्ही इलेक्शन डोळ्यासमोर झाली, म्हणून परदेशातून येणाऱ्या या सर्व्हिसबद्दल मनापासून लिहितोय.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये युरोपियन युनियन, कार्टर सेंटर (निवडणुकांवर नजर ठेवणारी अमेरिकन संस्था) सगळे आले होते, अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जॉन केरी स्वतः आले होते. मतदान शांततेत झालं, बूथवरची मोजणी ठीक झाली असं दोन दिवसांत सांगून मोकळे झाले, आणि तेवढं खरंही होतं, पण घोळ झाला तो बूथवरचे आकडे वर पाठवताना. १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध २ अशी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली, आफ्रिकेत पहिल्यांदाच असं झालं! लोक निरीक्षकांच्या शब्दावर भरवसा ठेवून होते हो, त्याचं अजून वाईट वाटतं. ऑक्टोबरात फेरमतदान झालं, विरोधी उमेदवार ओडिंगांचा बहिष्कार, मतदान जेमतेम ३९ टक्के.

आता चांगलं सांगतो. एलॉग म्हणून इथल्याच संस्थांची आघाडी आहे, त्यांना बाहेरून पैसा आणि ट्रेनिंग मिळतं. त्यांची माणसं निवडक बूथवर शेवटपर्यंत बसतात, फॉर्म ३४ए, म्हणजे प्रत्येक बूथच्या निकालाचा कागद, त्यावरचे आकडे कळवतात आणि त्यावरून देशाचा निकाल काय असायला हवा ते काढतात. हीच ती समांतर मोजणी. हे काम खरंच लाखमोलाचं आहे.

२०२२ ला तर निवडणूक आयोगाने ४६ हजारांच्या आसपास बूथचे ३४ए पोर्टलवर सगळ्यांसाठी टाकले. आमच्या जवळच्या शाळेत वर्गाच्या दाराला चिकटवलेल्या फॉर्मचा मी फोटो काढून ठेवला होता, घरी येऊन पोर्टलवर तोच उघडला, मतं, एजंटांच्या सह्या, एका एजंटाने खोडून परत लिहिलेला नंबर, सगळं तसंच्या तसं. राष्ट्राध्यक्षपदाला रुटो ५०.४९ टक्क्यांवर निवडून आले, चार आयुक्तांनी निकाल मानला नाही, तरी कोर्टात एकमताने टिकला, कारण फॉर्म सगळ्यांसमोर होते.

पुढची निवडणूक २०२७ च्या ऑगस्टमध्ये आहे आणि परदेशांना मदत देणारी अमेरिकन सरकारची संस्था यूएसएड २०२५ मध्येच बंद पडली. त्यामुळे जो कोणी पैसा देणार असेल त्याने तो रात्रभर बूथवर बसणाऱ्या इथल्या पोरांवर आधी खर्च करावा, आणि माणसं पाठवायचीच असतील तर शेवटचा फॉर्म वर पोचेपर्यंत त्यांना परत बोलवू नका.