अकरावीला कोणते गणित: विज्ञान शाखेचे, वाणिज्य शाखेचे, की त्याऐवजी एस.पी.?

दहावीचा निकाल लागला की घरात चर्चा होते ती शाखेची. गणिताचा प्रश्न तिच्या पोटात दडलेला असतो. विज्ञान म्हटले की गणित आलेच, असे बहुतेक पालक धरून चालतात, आणि वाणिज्य शाखेत ‘मॅथ्स की एस.पी.’ (म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, मराठीत चिटणिसाची कार्यपद्धती) हा निर्णय पुष्कळदा कागदपत्रे जमा करताना, मैत्रिणीने काय घेतले ते विचारून उरकला जातो. पुढची पदवी कोणती आणि ती कोणत्या महाविद्यालयात, यावर या निर्णयाचा जो परिणाम होतो त्या मानाने त्याला दिलेला वेळ फारच थोडा असतो, म्हणून ही तुलना.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत ‘गणित आणि संख्याशास्त्र’ या एकाच नावाचे दोन अभ्यासक्रम आहेत. विषय क्रमांक ४० हा कला व विज्ञान शाखांसाठी आहे आणि ८८ हा वाणिज्य शाखेसाठी. दोन्हींना बारावीत ८० गुणांची लेखी परीक्षा असते आणि उरलेले २० गुण महाविद्यालयाकडे असतात. साम्य जवळपास इथेच संपते. ‘वाणिज्याचे गणित म्हणजे विज्ञानाचेच, जरा सोपे करून’ हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे.

दोन्हींच्या बारावीच्या पुस्तकांत तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, डिफरन्शिएशन (बदलाचा दर काढणे), इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग ही प्रकरणे आहेत. विज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्या जोडीला त्रिकोणमितीय फलने, रेषायुग्म, सदिश आणि अवकाशातील रेषा व प्रतल येतात. वाणिज्याच्या पुस्तकात यांपैकी काहीही नाही. त्रिकोणमिती तिथे दहावीलाच संपते. तिची जागा कमिशन व दलाली, विमा व वार्षिकी (ठरावीक काळाने भरायचे समान हप्ते), रिग्रेशन, कालमालिका, निर्देशांक आणि कामवाटपाचे प्रश्न घेतात.

जी प्रकरणे नावाने सारखी आहेत, त्यांतही हात वेगळ्या दिशेने वळवला जातो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला डिफरन्शिएशनमध्ये शिडीचे उदाहरण येते: ५ मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकलेली आहे, तिचे खालचे टोक सेकंदाला १.५ मीटर वेगाने भिंतीपासून दूर सरकते आहे. ते भिंतीपासून ४ मीटरवर असताना वरचे टोक किती वेगाने घसरते? उत्तर सेकंदाला २ मीटर. वाणिज्याच्या विद्यार्थ्यापुढे तेच हत्यार नफ्यासाठी येते: जितके नग विकायचे तितके रुपये १०० मधून वजा करून प्रत्येक नगाची किंमत ठरते आणि नगामागे खर्च २० रुपये आहे, तर नफा सर्वाधिक केव्हा? उत्तर ४० नग. दोन्हीकडे एकदाच डिफरन्शिएट करायचे असते, परंतु पहिल्यात भूमिती डोळ्यांसमोर उभी राहावी लागते, तर दुसऱ्यात उत्पन्न व खर्च यांचा अर्थ समजावा लागतो. ज्या मुलाला आकृती काढायचा कंटाळा आहे, पण हिशेबात गोडी आहे, त्याला दहावीच्या भूमितीत कमी गुण पडले म्हणून ‘गणित तुझे काम नाही’ असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण ८८ चे गणित त्या भूमितीवर फारसे उभेच नाही.

वार्षिकीचे प्रकरण तर मला शालेय गणितातले सर्वांत उपयोगी वाटते. दर वर्षाअखेर १०,००० रुपये, १० टक्के चक्रवाढ दराने, ३ वर्षे भरले तर पहिला हप्ता १२,१०० होतो, दुसरा ११,०००, तिसरा १०,०००, आणि हाती ३३,१०० येतात. हे एकदा हाताने मांडलेल्या विद्यार्थ्याला गृहकर्जाचा हप्ता किंवा विमा एजंटाचा तक्ता गूढ वाटत नाही. विज्ञान शाखेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना हे कोणी शिकवत नाही, ही त्या अभ्यासक्रमातली मोठी उणीव आहे.

आता पुढच्या प्रवेशांकडे वळू. अभियांत्रिकीला जायचे असेल तर प्रश्न उरत नाही. भौतिकशास्त्र व गणित दोन्ही अनिवार्य असल्यामुळे विज्ञान शाखेचे गणितच घ्यावे लागते. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे असतात, म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे; अकरावीचा वाटा त्यात सुमारे २० टक्के असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. देशपातळीवरच्या जेईई या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेत गुण कापले जातात आणि प्रश्नांची ठेवणही निराळी असते, त्यामुळे सीईटीची तयारी म्हणजेच जेईईची तयारी असे समजू नये.

एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीबाबत मात्र अनेकांची फसगत होते. सेनादलाच्या, म्हणजे लष्कराच्या शाखेसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, हे खरे आहे. पण लेखी परीक्षेतील ३०० गुणांची गणिताची प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असते आणि तिच्यात त्रिकोणमिती, सदिश व त्रिमितीय भूमिती येते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने हा भाग स्वतंत्रपणे शिकण्याची तयारी ठेवूनच तिकडे वळावे. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅट. या संख्याशास्त्राच्या पदवीला बारावीला गणित व इंग्रजी असावे लागते, परंतु तिथल्या प्रवेश परीक्षेची पातळी पाहता विषय क्रमांक ४० च्या अभ्यासालाही भरपूर जोड द्यावी लागते.

वाणिज्याचे गणित घेतल्याने काय साधते? दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्ससाठी गणित लागते. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीसाठी बारावीला गणित असण्याची अट राहिली असल्याने वाणिज्य शाखेतून गणित घेतलेली मुले तिकडे जात आली आहेत, एस.पी. घेतलेल्यांना हा रस्ता नव्हता. ॲक्च्युअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचे गणित मांडणारा तज्ज्ञ, व्हायचे असेल तर त्या व्यवसायाच्या संस्थेच्या प्रवेश परीक्षेत गणित आणि संख्याशास्त्र हे दोन्ही आहेतच.

यानंतर सी.ए.चा विचार करावा लागतो, कारण वाणिज्य शाखेत येणाऱ्यांपैकी निम्म्या घरांत तरी त्याचा उल्लेख होतो. सी.ए.च्या फाउंडेशन या पहिल्या परीक्षेच्या तिसऱ्या पेपरात १०० पैकी ४० गुण व्यावसायिक गणिताला, २० तार्किक क्षमतेला आणि ४० संख्याशास्त्राला आहेत. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के मिळवावे लागतात, आणि या तिसऱ्या पेपरात चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. पैशाचे कालमूल्य, वार्षिकी, निर्देशांक, सहसंबंध, रिग्रेशन, प्राथमिक कॅल्क्युलस: ही यादी ८८ च्या अनुक्रमणिकेशी किती जुळते ते वेगळे सांगायला नको. एस.पी. घेऊन सी.ए. होताच येत नाही असे नाही. अनेक जण होतात. परंतु बारावीच्या बोर्डानंतरच्या थोड्या महिन्यांत हा सारा भाग पहिल्यापासून शिकण्याचा भार त्यांनी आपणहून ओढवून घेतलेला असतो.

मग एस.पी. कोणी घ्यावे? चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय दिसतो तितका निरर्थक नाही. शेअर व डिबेंचर (कर्जरोखे) यांची विक्री, ठेवी, लाभांश, डिपॉझिटरी, शेअर बाजार आणि भागधारकांशी पत्रव्यवहार हा त्याचा गाभा आहे. कंपनी सेक्रेटरी होऊ इच्छिणाऱ्याला तो थेट उपयोगी पडतो आणि कायद्याकडे जाणाऱ्यालाही. ज्याला ही दिशा पक्की आहे, त्याने एस.पी. घेण्यात कमीपणा मानू नये.

मात्र ‘टक्केवारी वाढते’ एवढ्याच कारणासाठी तो घ्यावा का, याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. नामांकित महाविद्यालयांत बी.कॉम.चा प्रवेश गुणांवर ठरतो हे मान्य. पण आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयाच्या वरिष्ठ विभागात जायचे असेल तर तिथल्या विद्यार्थ्यांना प्राधान्य मिळते, आणि तेव्हा दोन-चार टक्क्यांचे वजन बरेच कमी होते. शिवाय चांगली तयारी केलेल्या मुलाला गणितात ९० च्या पुढे गुण मिळणे एस.पी.पेक्षा सोपे जाते, कारण बरोबर उत्तराचे गुण कापले जात नाहीत. काठावरच्या मुलाचे मात्र उलट होते: एस.पी.त लिहिलेल्या पानाला काही ना काही गुण मिळतात, गणितात पायरी चुकली की पुढचे सगळे घसरते. दहावीला बीजगणितात मुलाला कसेबसे पास व्हावे लागले असेल, तर हा धोका गांभीर्याने घ्यावा.

केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळांत २०२०-२१ पासून अशीच दुहेरी व्यवस्था आहे: गणित, क्रमांक ०४१, आणि उपयोजित गणित, क्रमांक २४१. दुसरे साधारणपणे आपल्या ८८ च्या वळणाचे आहे. अभियांत्रिकीची थोडीशीही शक्यता असेल तर ०४१ च घ्यावे.

कला शाखेचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. विषय क्रमांक ४० कला शाखेलाही खुला आहे. अर्थशास्त्रासोबत तो घेता आला तर पुढे अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो. अडचण एवढीच की कला शाखेत गणित शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालये शोधावी लागतात, आणि पसंतीक्रम भरण्याआधी तिथे फोन करून विषयांची गटवारी विचारून घ्यावी लागते.

अजूनही मन ठरत नसेल तर बालभारतीची चारही पुस्तके, दोन्ही शाखांचे बारावीचे भाग १ आणि भाग २, संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घ्यावीत. एका रविवारी मुलाला विज्ञानाच्या पहिल्या भागातील सदिशांच्या प्रकरणाची पहिली चार पाने आणि वाणिज्याच्या दुसऱ्या भागातील विमा व वार्षिकीची पहिली चार पाने वाचायला द्यावीत. सगळे समजणार नाही, समजायला नकोच. कोणत्या पानावर त्याने आपणहून पेन्सिल उचलली, तेवढे पाहावे.